एकविसावा खडा

दोन महिने झाले, सूर्य वर आलेला नाही.
जानेवारीत वादसोच्या बालवाडीतून
सकाळी साडेनऊला बाहेर बघावं तर
शाईत थोडं दूध सांडल्यासारखं दिसतं.
नॉर्वेच्या या टोकाला
बस्स, तेवढाच दिवस.

आज मतदान.
परवा सूर्य परत येणार म्हणतात,
तर तो बघायला जायचं कुठं?
टेकडीवर, की धक्क्यावर?
हेरिंगच्या दोन रिकाम्या बरण्या,
एकीवर टेकडीचं चित्र, एकीवर होडीचं.
प्रत्येकाच्या मुठीत एक खडा,
किनाऱ्यावरून आणून धुतलेला.
(नीट धुतलेला नाही, खारट लागतो,
असं याळिनीनं मला कानात सांगितलं.)

आयलूनं खडा टाकला, लगेच परत मागितला.
मत बदलायची मुभा आहे,
त्यावर गेल्या वर्षी आम्ही मोठी माणसं
पाऊण तास भांडलो होतो.
आल्फहिल्डला ऐकू येत नाही,
म्हणून ‘टेकडी’ आम्ही सगळेच हातांनी म्हणतो.
आता तर कान शाबूत असलेली पोरंही
भांडायचं झालं की हातांनीच भांडतात,
मला कळू नये म्हणून.

फिल्मोन नोव्हेंबरात आला.
अजून एक शब्द बोललेला नाही.
दोन्ही बरण्यांजवळून तो सावकाश गेला
आणि खडा ठेवला खिडकीच्या कट्ट्यावर,
मेलेल्या माशीच्या शेजारी.

‘त्याला समजलं नाही,’ रान्दी म्हणाली,
‘हात धर त्याचा, टाक कुठल्यातरी बरणीत.’
रान्दी वाईट नाही,
तिचं सूप गार होत असतं.
आणि माझा हात निघालाही होता.

माझी आई सातव्या वर्षी वसतिशाळेत गेली.
सूर्याला ती ‘बेआइवी’ म्हणायची.
तिथंही म्हणाली, एकदाच.
त्यानंतर साठ वर्षं
हाताची घडी, तोंडावर बोट.
मला तिनं ती भाषा दिली नाही.
हा एक शब्द आहे माझ्याकडे,
तोही मावशीनं दिलेला,
आई गेल्यावर, स्वयंपाकघरात, भांडी पुसताना.

मी हात मागे घेतला.
जमिनीवर बसले (गुडघे कुरकुरले)
आणि पोरांना विचारलं,
हा खडा काय म्हणतोय?

‘थंडी वाजतेय म्हणतोय,’ आयलू.
‘दमलाय,’ आल्फहिल्डचे हात.
‘सूर्यच इथं येणार आहे ना,
मग आपण कशाला जायचं, असं म्हणतोय,’ याळिनी.
‘खडे बोलत नसतात,’ कुणीतरी मागून.

फिल्मोननं एकेकाचं तोंड नीट पाहिलं.
मग उठून गेला,
खडा बोटभर डावीकडे सरकवला
आणि जागेवर येऊन बसला.
का, ते अजून कुणालाच माहीत नाही.

मी कागदावर लिहिलं:
टेकडी अकरा, धक्का नऊ, खिडकी एक.
रान्दीनं कपाळाला हात लावला,
पण खाली सही केली.

परवा ढग.
टेकडीवर वीस पोरं वाऱ्यात उभी राहिली,
जॅम भरलेले गोल पाव खाल्ले,
सूर्याच्या जागी सूर्य आहे असं धरून ओरडली
आणि नाकं लाल करून परतली.
खिडकीत आम्ही दोघं.
आम्हालाही काही दिसलं नाही.
त्यानं आधी जॅम चाटून संपवला
आणि पावाकडे बघत काहीतरी म्हणाला,
‘त्सहाय’सारखं.
त्याच्या भाषेत तो सूर्य असेल,
किंवा ‘संपलं’, किंवा ‘अजून दे’.
मी म्हटलं, बेआइवी.
उच्चार चुकला असणार.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
की बाई, तुला शिकवायला
बराच वेळ लागणार आहे.

खडा अजून कट्ट्यावर आहे.
शुक्रवारी सफाईवाली येते,
तो उचलते, खालची धूळ पुसते,
परत ठेवते.
थोडा डावीकडे.